चार मेंढरं, वीस लिटर

मी एक जुना कळप आहे, पण माझ्यात एकही खरे मेंढरू नाही. गोंधळलात ना, मित्रांनो? गोंधळणारच! मी संगणकातल्या एका प्रोग्रॅमचा भाग आहे. अशा भागाला मॉडेल म्हणतात, आणि मला घडवणाऱ्या मुलीने माझे नाव 'कळप' ठेवले. मला ना शिंगे, ना लोकर, ना वास. तरीही एका उन्हाळ्यात ऐंशी जिवांचे पाणी माझ्या एका आकड्यावर अडून बसले होते. तीच हकिकत सांगतो.

माझा जन्म दोन हजार सोळा सालचा. पावसाने पाठ फिरवल्याचे ते लागोपाठचे दुसरे की तिसरे वर्ष. शहरात नळ पाच-पाच दिवसांनी यायचा, आणि आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. पण शहराचे वाढणे काही थांबले नव्हते. पडेगाव-मिटमिट्याकडच्या ज्या माळावर दर उन्हाळ्यात मेंढपाळ उतरायचे, तिथे प्लॉटांचे पांढरे दगड रोवले जात होते. जुन्या विहिरी आटल्या होत्या, नव्या बोअरला कुलपे होती. तेव्हा काही तरुण मंडळींनी एक छोटी संस्था काढली. शहराच्या कडेला उतरलेल्या मेंढपाळांना टँकरने पाणी पोचवायचे, एवढेच तिचे काम. त्यातली मनस्विनी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. एका रविवारी उस्मानपुऱ्यातल्या आपल्या खोलीत चिवडा खात खात तिने मला लिहून काढले. चिवड्याचे दोन शेंगदाणे कीबोर्डात पडले, ते अजून तिथेच असतील.

माझी पाठराखण एक लायब्ररी करते. पुस्तकांची नव्हे हं! प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वरचेवर लागणारे काम जिच्यात तयार करून ठेवलेले असते, तिलाही लायब्ररीच म्हणतात. खरी माहिती राहते डेटाबेसमधल्या एका तक्त्यात. एका मेंढपाळाची एक ओळ, आणि ओळीत तीन रकाने: मालक, मुक्काम, संख्या. कुणी हाक मारली की लायब्ररी त्याची ओळ तक्त्यातून उचलून माझ्या अंगावर चढवते. मग कुणी संख्या विचारली की मी सांगतो. कुणी संख्या बदलायला सांगितली की बदलतो. विचारणे म्हणजे वाचणे, बदलायला सांगणे म्हणजे लिहिणे. माझे सारे आयुष्य या दोन कामांत गेले.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. मला सांगितलेले फक्त माझ्यापाशी राहते. 'सेव्ह' असा हुकूम झाला, तरच लायब्ररी ते तक्त्यात नेऊन लिहिते. नाही तर माझी खिडकी मिटली की तेही मिटले. आणि मी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा माझा स्वभाव म्हणा की खोड म्हणा.

मेंढपाळांची नोंद करायला सुकेशनी जायची. शहरात वाढलेली, कॉलेजात शिकणारी, स्कूटीवरून भुर्रकन जाणारी मुलगी. मिटमिट्याच्या पुढे बिरू नावाच्या मेंढपाळाचा मुक्काम होता. बिरू मेंढरे चारायला गेला होता आणि त्याची म्हातारी आई, राजाबाई, एकटीच पालापाशी बसली होती. पालाच्या सावलीत चार कोकरे बांधलेली होती.

"आजी, मेंढरं किती आहेत?" सुकेशनीने विचारले.

राजाबाईने पदर पुढे ओढला, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाली, "चार हाईत, पोरी."

सुकेशनीने कोकरांकडे पाहिले. चारच होती. तिने फोनवर चार लिहिले, सेव्ह केले आणि मी चार होऊन तक्त्यात जाऊन बसलो. मी कोण शंका घेणारा!

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी निघाली. दर मेंढरामागे पाच लिटर, म्हणजे बिरूला वीस लिटर. टँकरचा ड्रायव्हर रामप्रसाद यादी बघून हसला. एवढ्याशासाठी टँकरची तोटी कोण उघडणार? त्याने संस्थेच्या खोलीतला पिण्याच्या पाण्याचा जार उचलला आणि शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखा बसवून नेला.

टँकरचा आवाज येताच सगळी मेंढरे बें बें करत धावली. रामप्रसाद खांद्यावर जार घेऊन उतरला आणि समोरचा तो घोळका बघून जागीच थबकला.

"ह्यानं काय व्हतंय?" बिरू म्हणाला. "मेंढरांनी तोंड धुवायचं का?"

"भाऊ, यादीत चारच लिवलंय. टाकीतलं पाणी म्होरच्यांचं हाय. ते बी वाट बघायलेत."

"चारच की! चार खंड्या. एक खंडी म्हंजी वीस मेंढरं. सगळ्या मुलखाला ठावं हाय."

सगळ्या मुलखाला ठाऊक होते. सुकेशनीला आणि मला तेवढे नव्हते. राजाबाईच्या लेखी मेंढरांचे एकेक डोके मोजणे म्हणजे त्यांना दृष्ट लावणे. आकडा सांगायचा तो खंडीनेच, तोही हळू आवाजात, आणि खंडी हा शब्द तर धरूनच चालायचा. तिने खरे तेच सांगितले होते.

बिरू जार बघून आधी हसला, पण मग त्याचा चेहरा उतरला. तीन दिवस तो विहिरीच्या तळातले गढूळ पाणी पोहऱ्याने काढून मेंढरांच्या जिभा ओल्या करत होता. त्यातल्या कितीतरी मेंढ्या गाभण होत्या. "उद्या पाणी आलं तर ठीक," तो म्हणाला. "नायतर लासूरच्या बाजारात नेऊन इकून टाकतो. डोळ्यांदेखत मरू द्यायची का?"

राजाबाई जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. सासऱ्याच्या वेळेपासूनचे ते रक्त होते, एकेका मेंढीची आजी-पणजी तिला तोंडपाठ होती.

रामप्रसादने तिथूनच मनस्विनीला फोन लावला. तिने लगेच लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली. बिरूची ओळ माझ्या अंगावर चढली. "संख्या ऐंशी कर." केली. "संख्या किती?" ऐंशी! "शाब्बास," ती म्हणाली आणि फोनवर सांगितले, "झालं हो रामप्रसादभाऊ. उद्या चारशे लिटर नक्की." तेवढ्यात तिच्या कंपनीची मीटिंग सुरू झाली. माझी खिडकी बाजूला सारून ती तिकडे गेली. सेव्हचा हुकूम राहूनच गेला.

मित्रांनो, तेव्हा माझी जी घालमेल झाली ती काय सांगू! अंगावर ऐंशी आणि तक्त्यात चार. उद्याची यादी तक्त्यातून निघणार हे मला ठाऊक होते. पण मला कुणी काही विचारेचना.

सकाळी यादीसाठी त्याच ओळीतून दुसरा एक कळप उभा राहिला, माझाच जुळा भाऊ म्हणा. त्याने तक्त्यात होते ते वाचले: चार. टँकर यादीप्रमाणेच भरला जायचा, त्यामुळे रामप्रसादच्या सीटवर पुन्हा जार!

"मॅडम, आज बी जारच हाय!" तो फोनवर कळवळून ओरडला. "लोक मला जारवाला म्हणायलेत. आन् हितं बिरूनं वाघूर गुंडाळायला घेतली. निघाला तो लासूरला!" वाघूर म्हणजे मेंढरांच्या वाड्याभोवतीची जाळी. ती गुंडाळली की मुक्काम हलला.

मनस्विनी रडकुंडीला आली. "पण मी ऐंशी केलं होतं! मी विचारलं, तर त्यानेच ऐंशी सांगितलं. हे मॉडेल खोटं बोलतंय." मी आणि खोटे! फार लागले मला ते.

शेजारी सुकेशनी बसली होती. आपण लिहिलेल्या चार या आकड्याने हे घडले म्हणून ती आदल्या दिवसापासून कोमेजली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही त्याला ऐंशी सांगितलं. पण त्यानं पुढं कुणाला सांगितलं का?"

मनस्विनीने कपाळावर हात मारला. माझी खिडकी अजून उघडीच होती. तिने मला तो प्रश्न विचारला, जो लायब्ररीने मला जन्मापासून शिकवून ठेवला आहे आणि जो घाईत कुणी विचारत नाही: "तू बदलला आहेस का?"

हो! "काय बदललं?" संख्या. आधी चार, आता ऐंशी.

"सेव्ह!"

लायब्ररी धावली. तिकडे फोनवर हे कळताच रामप्रसादने आपला टँकर बिरूच्या वाटेत आडवा लावला आणि उतरून म्हणाला, "जाशील तर टायरखालून जा. दुसऱ्या खेपेत चारशे लिटर येतंय. आता खरंच येतंय." बिरू थांबला, तेव्हा तो टँकर भरून आणायला गेला आणि दुपार व्हायच्या आत पाणी आले. मेंढरे माना खाली घालून पीत राहिली, आणि बिरूने वाघूर पुन्हा पसरली. मला आनंद कसा होतो ते ठाऊक नाही, पण तो असाच असणार.

संध्याकाळी दोघी मुली माफी मागायला गेल्या. यापुढे चूक नको म्हणून सुकेशनी बोट दाखवून मेंढरे मोजू लागली, तर राजाबाईने तिचे बोट मुठीत धरले. "मोजू नगं, माझे बाई. मी सांगते तेवढंच लिव. तुझं मशीन हुशार हाय म्हणत्यात, त्याला कळंल की खंडी."

मशीनला काही कळत नव्हते, पण मनस्विनीला कळले. तिने मला दोन दारे लावून दिली. आत येताना खंडी सांगा, मी तिला विसाने गुणून ठेवतो. बाहेर जाताना रामप्रसादला लिटर सांगतो आणि राजाबाईसाठी पुन्हा खंडीच. कुणाला आपली रीत मोडावी लागली नाही. पुढे कन्नड तालुक्यातलेही मेंढपाळ माझ्यात आले. "लई गुणाचं हाय," असे बिरू माझ्याबद्दल म्हणाला होता. ते वाक्य कुठल्याही रकान्यात नसूनही मी जपले आहे.

दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात मी पुन्हा राबलो. मग संस्थेने चकचकीत नवे ॲप घेतले आणि मी एका जुन्या फोल्डरात जाऊन पडलो. मिटमिट्याच्या त्या माळावर आता तीन मजली घरे आहेत म्हणे. तक्रार नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखे काही घडवाल, तेव्हा एवढेच करा: ज्यांची माहिती लिहिता, त्यांच्या पद्धतीने विचारा, आणि खिडकी मिटण्याआधी आमची विचारपूस करा. आम्ही आपणहून बोलत नाही, पण विचारलेत तर खरे तेच सांगतो.

मला कधी हाक मारलीत, तर बिरूची ओळ जरूर वाचा. दोन हजार सोळाच्या जुलैत पाऊस पडला आणि तो घाटाकडे निघाला. "यादीतनं आमचं नाव काढा आता, पाणी दुसऱ्याला द्या," असे तो म्हणाला. सुकेशनीने शेवटचा आकडा विचारला, तर राजाबाई कोकरांनी गजबजलेल्या वाड्याकडे बघून हसली. "आकडा नगं. भरलेला हाय म्हणून लिव."

माझ्या संख्येच्या रकान्यात शब्द घातला तर त्याचे शून्य होते, आणि त्या कळपापुढे शून्य लिहायला मनस्विनीचे मन धजले नाही. तिने माझ्यासाठी चौथा रकाना तयार केला, 'शेरा' नावाचा. त्यात एकच शब्द लिहिला. मला विचारले, बदललास का? हो म्हणालो. मग सेव्ह केले. तक्त्यातली ती ओळ आजही तशीच आहे: मालक बिरू, मुक्काम कोरा, संख्या कोरी, शेरा भरलेला.