हातांना पुरेल एवढा डेटा

मिस्त्रींच्या घरात भांडण चाललंय हे शेजाऱ्यांना ऐकून कळत नसे, खिडकीवरच्या सावल्या बघून कळे. मिस्त्रींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, मुलीलाही नाही. त्या घरात कानांचा उपयोग असलेलं माणूस एकच, मिस्त्रींची बायको, म्हणजे काकू. लोकांच्या पडद्यांना झालरी शिवणं हा तिचा धंदा, आणि नवऱ्याच्या वतीने जगाशी बोलणं ही कायमची नोकरी. मिस्त्री सुतारकामासाठी कुणाचं दार मोजायला गेले की टेपचं दुसरं टोक धरायला ही बरोबर. गिऱ्हाईक हिच्याशी तोंडाने बोलणार, ही नवऱ्याशी हातांनी बोलणार, आणि उत्तर परत तोंडाने सांगताना त्यात पदरचा दोन वाक्यांचा मीठमसाला घालणार. मिस्त्रींना ते कळत असे. गिऱ्हाईक उगाच हसलं की ते बायकोकडे नुसतं वळून बघत.

हातांच्या बोलीत माणसाचं नावही हातानेच घ्यायचं असतं. मिस्त्रींचं नाव म्हणजे कानामागे खोचलेली पेन्सिल. मुलीचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट, कारण हसली की तिथे खळी पडायची. काकू तोंडानेही तिला खळीच म्हणायची. आणि काकूचं नाव म्हणजे चोचीसारखी उघडमीट करणारी बोटं. लग्नाच्या नव्या नवलाईत नवऱ्याने ते ठेवलं. ती फुरंगटली, तर त्याने चोच आणखी मोठी करून दाखवली.

तर ही खळी नोकरीसाठी परगावी गेली होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून घासून कड गुळगुळीत करायची. बापाचा हात तिच्यात उतरला होता, फक्त लाकूड जाऊन दात आले होते. काकूला याचं कौतुक इतकं, की समोरचा माणूस हसला तरी ती आधी त्याच्या दातांकडे बघायची.

नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची का, ते खळीने सोमवारी मालकांना सांगायचं होतं. आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. कामाची तिला भीती नव्हती. भीती होती न बोलता जाणाऱ्या दिवसाची. लॅबमधली माणसं भली होती, पण त्यांचं बोलणं कागदावर दोन शब्द लिहून दाखवण्यापुरतं. लिहिलेल्या भाषेत खळी परक्याच्या घरी गेलेल्या पाहुणीसारखी अवघडून बसायची. खरं बोलणं व्हायचं ते संध्याकाळी, फोनच्या पडद्यावर, बापाशी. दिवसभर कोंडलेले हात तेव्हा मोकळे सुटायचे.

पण हल्ली ती संध्याकाळही अर्ध्यात मोडत होती. गप्पा रंगात आल्या की डेटा संपायचा. आधी बोटं एकमेकांना चिकटायची, मग हातांचा ढग व्हायचा, मग चेहऱ्याचे चौकोन पडायचे. तोंडाने बोलणाऱ्यांचं बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. यांचं चित्र अडकलं म्हणजे वाचाच गेली.

मंगळवारी असंच झालं, आणि थोड्या वेळाने मेसेज आला : ‘पप्पा हात दिसत नाही. इथे कोण नाही बोलायला. मी परत येते.’

मिस्त्रींनी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि गरज नसताना पटाशीला धार लावत बसले.

काकू दुसऱ्या दिवशी तडक मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदार तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर ढकलून हातात फोन उघडून बसलेला.

“भाऊ, डेटा पुरत नाही. जास्तीचा पाहिजे. पण खिसा बघून सांगा.”

“कोण वापरतं वहिनी? पोरंबाळं गेम खेळतात?”

“यांचं... आमचं बोलणं असतं मुलीशी. रोज. भरपूर.”

नवऱ्याला ऐकू येत नाही हे ती परक्याला लगेच सांगत नसे. सांगितलं की समोरच्याचा आवाज मऊ व्हायचा आणि मान तिरकी. तो मऊपणा तिला मुळीच सोसत नसे.

“बोलणं ना? मग हा घ्या,” दुकानदार खुलला. “कॉल अमर्यादित, कितीही बोला. वर रोज दीड जीबी. आणि मुख्य म्हणजे नेट बंदच पडत नाही. दीड जीबी संपलं की नुसतं जरा हळू होतं.”

“हळू म्हणजे?”

“हळू म्हणजे हळू. चालतं की! बोलायला काय लागतंय?”

“हळू तर हळू,” काकू म्हणाली. वर दुकानदाराने एक काचेचं कव्हर फुकट दिलं. स्वस्तात मस्त मिळालं म्हणून ती रस्ताभर स्वतःवर खूश होती.

संध्याकाळी खळी पडद्यावर आली. थोडा वेळ बरा गेला. मग बंद न पडणारं नेट जरा हळू झालं, आणि खळीचा वर गेलेला हात खाली येईचना. बापलेक दोघं एकमेकांच्या पुतळ्यांकडे बघत राहिले.

मिस्त्री बायकोकडे वळले. त्यांचे हात रागात फार नेटके चालत, करवतीसारखे.

“काय मागितलंस तू तिथे?”

“जास्त बोलता येईल असं,” काकूने हातांनी सांगितलं.

“कुणाला? तुला?” चोच उघडली, मिटली. “तू तुझ्या तोंडासाठी घेऊन आलीस. आमच्या हातांबद्दल सांगितलंस का?”

काकूने हात मांडीवर ठेवले. इतकी वर्षं आपण याचं तोंड आहोत म्हणून मिरवलं, आणि नेमक्या वेळी आपलंच तोंड घेऊन दुकानात गेलो! खोटं कशाला बोला, तिला मेलं ओशाळल्यासारखं झालं.

“उद्या मी जातो,” मिस्त्री म्हणाले. “तू ये. पण चोच बंद.”

दुकानात मिस्त्री काउंटरपाशी उभे राहिले आणि काकू दाराशी, टेंपर्ड ग्लासच्या पाकिटांजवळ. मिस्त्रींनी कानाला बोट लावून हात आडवा हलवला. दुकानदाराची मान तिरकी व्हायला लागली, तशी काकूने ओठ घट्ट आवळले.

“अरेरे,” तो मिस्त्रींच्या खांद्यावरून तिलाच म्हणाला, “वहिनी, बोलला नाहीत तुम्ही! काय पाहिजे म्हणतायत?”

जिभेच्या टोकावर अख्खं भाषण तयार होतं. तिने ते गिळलं. “त्यांनाच विचारा. समोर उभे आहेत.”

“अहो, पण मला कुठे येतं ते?”

“येईल. माणूसच आहेत.”

मिस्त्रींनी फोन काढला, कॉलचं हिरवं बटण दाखवलं आणि काउंटरवरून केर झटकावा तसा हात फिरवला. हे नको. मग कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट ठेवलं, स्वतःचे दोन्ही हात फोनसमोर भरभर चालवले, आणि मान डोलावली. हे पाहिजे. मग तेच हात मध्येच थिजवले, डोळे वटारून, तोंड उघडं ठेवून. काल संध्याकाळची खळी इतकी हुबेहूब उतरली की काकूला हसू फुटलं.

दुकानदाराचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “थांबा थांबा. म्हणजे तुम्हाला कॉल नकोतच! मी कालपासून तुमच्या गळ्यात नको तेच मारलं.” त्याने ड्रॉवरमधून एक सिम काढलं आणि थेट मिस्त्रींकडे बघून, बोटं नाचवत सांगायला लागला. हातवारे दिव्य होते. ‘डेटा’साठी त्याने बहुधा पाऊस पाडला. “यात कॉल नाहीत. नुसता डेटा. लोक वायफायच्या डबीत घालतात. कॉल नाहीत म्हणून स्वस्त. फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवा.”

त्याने तक्ता पुढे केला. दोन प्रकार होते : एकात रोजचा ठरावीक वाटा, दुसऱ्यात महिनाभराचा डेटा एकदम. दुकानदाराचं बोट पहिल्यावर. “हा बरा. शिस्तीत राहतं.”

मिस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली. पेन्सिल काढून काउंटरवरच्या कागदावर एक लांबरुंद फळी काढली आणि शेजारी वीतवीतभर तुकडे. तुकड्यांवर काट मारली. मग एक छोटा दिवस आणि एक मोठा दिवस हातांनी मापून दाखवला : कामाच्या दिवशी खळी दमलेली असते, दोन गोष्टी सांगून झोपते, सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारपासून सुरू होते. रोजच्या वाट्यातलं उरलेलं वाया, आणि सुट्टीला पुन्हा ठणठणाट. अख्खी फळी द्या, कापायची कशी ते आम्ही बघू.

“पटलं,” दुकानदार म्हणाला. “दाराशी उभ्या आहात त्या कशाला वहिनी? तुमचं काम नाही पडलं.”

“बघतेय,” काकू म्हणाली. तिच्या छातीत काहीतरी मोठं होऊन बसलं होतं आणि जागा अपुरी पडत होती.

पैसे देण्याआधी मात्र मिस्त्रींनी सिमवर टिचकी मारली, दोन्ही हातांचं छप्पर करून दाखवलं आणि घराच्या दिशेला बोट केलं.

“घरी लावून बघणार म्हणतायत?” दुकानदाराने या वेळी काकूला विचारलंच नाही, स्वतःच समजला. “लाकडाचा नमुना आहे का हा, जागेवर लावून बघायला?”

मिस्त्रींनी जोरात मान डोलावली. दुकानदार हसला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चाचणीचं सिम घेऊन मागोमाग निघाला.

खळीची जेवणाची सुट्टी होती. मिस्त्रींनी फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डब्याला टेकवला, खिडकीचा उजेड हातांवर पडेल असा. पडद्यावर पांढरा एप्रन आला, त्यावर खळीचा चेहरा. बापाने काही विचारायच्या आत तिने कॅमेऱ्यासमोर एक वस्तू धरली. अख्खी कवळी, वरची आणि खालची.

“काय म्हणतेय?” दुकानदाराने काकूला विचारलं.

“म्हणते, ही पहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने केलेली. एका निवृत्त मास्तरीणबाईंची आहे. सकाळी बसवून बघितली, तर बाईंनी आरसा मागितला आणि खाली ठेवेचनात. मालकांनी ती सगळ्या लॅबला फिरवून दाखवली.”

मिस्त्रींनी कवळी जवळ धर म्हणून सांगितलं. खळीने ती कॅमेऱ्यापाशी नेली, सावकाश फिरवली. ते एकेक दात बघत होते, दाराचा सांधा बघावा तसे. एका जागी बोट रोखलं.

“आता काय?”

“म्हणतायत, डावीकडचा सुळा जरासा वळलाय.” काकू थांबली, लेकीचं उत्तर बघितलं आणि मोठ्याने हसली. “ती म्हणते, मुद्दाम. बाईंच्या जुन्या फोटोत तसाच आहे. सगळे दात एका रांगेत बसवले की माणूस स्वतःला ओळखत नाही.”

मिस्त्रींनी हात खाली घेतले. मग उजवा हात छातीवर ठेवून सरळ वर नेला, हनुवटीही वर. दुकानदाराला याचा अर्थ विचारावा लागला नाही.

पडद्यावरचं बोट गालावरच्या खळीवर टेकलं, तिथून खाली येऊन सही करावी तसं हवेत फिरलं. सोमवारी. पक्कं. पण रोज संध्याकाळी असेच हात दिसले पाहिजेत, असा दमही दिला.

“वहिनी, चित्र एकदाही अडकलं नाही बघा,” दुकानदार म्हणाला. “करू मग चालू?”

“करा, करा.”

बापलेक आता सुटले होते. मेणाचं तापमान, हिरडीचा रंग, भाड्याच्या खोलीचं करकरणारं दार आणि त्याची बिजागरी कशी वर घ्यायची. चार हात ओट्यावर नुसते उडत होते. काकू दुकानदाराला सांगायचा प्रयत्न करत होती. एक वाक्य धरावं तर पुढची दोन निसटत होती. शेवटी तिने नाद सोडला.

“पुढे काय म्हणाली?” दुकानदार मान पुढे काढून विचारत होता.

“काय की बाई,” काकू म्हणाली, आणि हे सांगताना तिचा आवाज असा काही फुलला की जणू बक्षीस मिळालंय. “एवढ्या भरभर बोलायला लागले ना दोघं, की मलासुद्धा कळत नाही.”