न लागलेली खूण

मित्रांनो, मी इजिप्तमधल्या पोर्ट सैद बंदराच्या खलाशी कचेरीतला जुना मेल सर्व्हर आहे. म्हातारे यंत्र शांत असते असे तुम्हाला वाटत असेल. मी शांत नाही.

मला उभे केले ते कचेरीची यंत्रे सांभाळणाऱ्या रिफअतकाकांनी. माझ्या पोटात प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते. तिच्या नावात आधी पत्र आल्याची वेळ, मग एक वेगळा आकडा, मग माझे नाव, आणि कुणी ते उघडले की शेवटी 'वाचले'ची खूण. म्हणून लाखभर पत्रांत दोन नावे कधी सारखी झाली नाहीत. फोल्डरांना मात्र लोक अरबी नावे देत. पडद्यावर ती नीट दिसत. माझ्या पोटात त्यांचे रोमन अक्षरांचे अगम्य कडबोळे होई. काकांनी माझ्या कुशीवर चिठ्ठी डकवली होती : 'ही नावे कचरा नव्हेत. हात लावू नका.'

असेच एक फोल्डर बहगत नावाच्या खलाशाच्या पत्रांचे होते. तो जहाजावरून लिही, काका त्याच्या आईला, सित्त नवालला, वाचून दाखवीत. तो समुद्रात बुडून गेला, त्यानंतर त्याचे शेवटचे पत्र पोचले.

"हे नका उघडू," ती म्हणाली. "हे माझं मी वाचणार."

"तुला अलिफ तरी येतो का गं?"

"शिकेन की! तुम्ही काय पोटातून शिकून आलात?"

साठाव्या वर्षी ती साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली. दोन वर्षे.

दरम्यान काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनिअरसाहेब, नादिर आला. माझ्या पोटातली ती नावे पाहून हसला. "काय हा उकिरडा!" त्याने चिठ्ठी फाडली, कडबोळी नावांची फोल्डरे पुसली, आणि पुढच्याच आठवड्यात राखीव ठेवलेल्या जुन्या प्रतींवर नव्या प्रती चढवल्या; पुसलेले परत आणायची वाटही गेली. कुणाला एका शब्दाने विचारले नाही.

गुरुवारी सित्त नवाल आली. नवा चष्मा, सोबत रिफअतकाका.

"असलं फोल्डर इथं नव्हतंच, हाज्जा," नादिर म्हणाला.

काकांनी माझी नोंदवही उघडली. पुसल्याची तारीख, वेळ, पुसणाऱ्याचे नाव. मी सगळे लिहून ठेवले होते.

"नव्हतंच ना? मग हे कुणी पुसलं, तुझ्या आजोबांनी?"

नादिरची मान खाली गेली. सित्त नवालने पडद्यावरची ती अरबी ओळ बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचली. दोन वर्षे शिकून तिने पहिल्यांदा वाचले ते हे.

मित्रांनो, जे तुम्हाला वाचता येत नाही, ते पुसण्याआधी विचारा. एका पत्राच्या नावाला 'वाचले'ची खूण लागायची राहिली आहे. ती आता मी कुठे लावू?