खळ लावलेली चड्डी

डाग बघितला की आत्याला त्याची सगळी कुळकथा कळायची. शाई कुठली, गंज कुठला, आणि कॉलरवरची लाली नवरोबा सांगतात तशी खरंच जॅमची की आणखी कशाची, हे ती कापड उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून सांगायची. बावीस वर्षं तिची लाँड्री चालली होती. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाईंकडे टाका. चंद्र धुवायला दिलात तर तोही डागाविना परत येईल, वर कडक इस्त्री."

तर त्या सकाळी पांढऱ्या कपड्यांच्या ढिगातून भिंगरीची चड्डी हाताला लागली आणि आत्या मटकन खाली बसली. मसुराएवढा डाग. मधे लाल, कडेला तपकिरी. हा कशाचा, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

भिंगरी म्हणजे तिच्या भावाची लेक, वय वर्षं सहा. चालणं तिला ठाऊक नव्हतं, ती गरगरायची. भाऊ दिवसभर धुतलेले गठ्ठे पोचवत फिरायचा, आणि भावजय तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दूर गेली होती. जाताना म्हणाली होती, "वन्सं, पोर तुमच्या पदरात टाकून जातेय." आत्या ऐटीत म्हणाली होती, "दिलीस त्याहून चोख परत करीन!"

आता हा डाग.

"भिंगरे, इकडे ये. पडलीस कुठं? लागलं?"

"नाही."

"शूची जागा दुखते?"

"झोंबते. आणि खाजते. आणि आत्या, ही चड्डी आवाज करते."

शेवटच्या वाक्याकडे आत्यानं लक्ष दिलं नाही. पोरं काय, काहीही बोलतात.

शेजारच्या गाळ्यात शिवणवाली मावशी बसायची. तोंडात टाचण्या धरूनही ती अख्ख्या गल्लीची खबर सांगू शकायची. आत्यानं तिच्या कानाशी लागून सांगितलं. मावशीनं टाचण्या काढल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"अगंबाई! शहाणी झाली की गं पोर!"

"सहा वर्षांची? अजून पुढचे दात दुधाचे आहेत तिचे!"

"आताशा लवकरच होतं सगळं. आंबे बघ, पूर्वी कधी यायचे?"

"आंब्यांचं मला सांगू नकोस," आत्या म्हणाली. बाहेर भिंगरी एका पायावर लंगडी घालत होती. हिला आता पाळी काय ते समजवायचं? जिला डावा बूट कुठला ते अजून समजत नाही, तिला? का याहून वाईट काही असेल? आत काही बिघडलं असेल? भावजयीला काय तोंड दाखवायचं?

घाबरलेला माणूस जे येतं तेच करतो. आत्याला धुता यायचं. तिनं भिंगरीला टबात बसवलं, साबणाचा डोंगरभर फेस केला आणि घासघासून, तिच्या शब्दांत, 'निर्मळ' केली. भिंगरीनं छप्पर डोक्यावर घेतलं. ती रडू नये म्हणून आत्या गुणगुणू लागली:

*भिंगरी फिरे दारी, भिंगरी फिरे घरी,*
*तिच्या गं पायाखाली, भुई हासे.*

भुई हसली असेल, भिंगरी नाही हसली. दुसऱ्या दिवशी मसुराची चवळी झाली होती. आत्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं, ते बावीस वर्षांत तिसऱ्यांदा, आणि पोरीला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. पुरावा म्हणून डागाची चड्डी, आणि लागली तर म्हणून एक धुतलेली, अशा दोन पिशवीत घेतल्या.

बाई लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, केस पिकलेल्या, आवाज मऊ. आत्यानं एका दमात सगळं ओतलं आणि शेवटी विचारलं, "शहाणी झाली का हो?"

"बघू या." त्यांनी भिंगरीचं वजन केलं, उंची मोजली, छाती पाहिली. "अजून कशाचाच पत्ता नाही. पाळी सहसा अशी वर्दी न देता येत नाही. आधी छाती भरते, उंची ताडताड वाढते, त्यानंतर दोनेक वर्षांनी ती येते. ही पाळी नाही."

आत्याचा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धा वरच राहिला. "मग?"

"मग कारण शोधायचं. काय गं, सायकलच्या दांड्यावर आपटलीस?"

"मला सायकलच नाही," भिंगरीनं तक्रार नोंदवली.

"शूच्या जागी कागद, मणी, काही घातलंस? खेळता खेळता मुलं घालतात, मी रागवत नाही."

"नाकात वाटाणा घातला होता. पण तो मागच्या वर्षी."

"तिथं कुणी हात लावला? दुखवलं? असेल तर सांगायचं, तुझी काहीच चूक नसते."

भिंगरीनं नीट विचार केला. "आत्यानं. साबणानं. खूप घासलं."

डॉक्टरीणबाईंनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे.

"आत्याच्या मांडीवर बस, बेडकासारखे पाय कर. मी फक्त बाहेरून बघणार. तू 'थांब' म्हणालीस की थांबणार."

भिंगरी दोनदा उगाचच 'थांब' म्हणाली, बाई दोन्ही वेळा थांबल्या, आणि मग तिची खात्री पटली. दिव्याच्या उजेडात मिनिटभर बघून बाई म्हणाल्या, "कातडी लालभडक झालीय, काठाला खरचटलंय, खाजवल्याच्या खुणा आहेत. रक्त तिथलंच. पण एवढं सोललं कशानं? चड्डी आणलीय ना?"

आत्यानं पिशवीतून घाईत धुतलेलीच काढली आणि टेबलावर ठेवली.

चड्डी उभी राहिली.

नीळ दिलेली, खळ लावलेली, कडक इस्त्रीची चड्डी, आत कुणी नसताना, दोन पायांवर ताठ, परेडला उभ्या शिपायासारखी. डॉक्टरीणबाईंनी तिला बोटानं टिचकी मारली. टक्क आवाज आला.

"ही... तुम्ही हिला खळ लावता?"

"म्हणजे काय!" आत्याचा स्वर आपोआप चढला. "आमच्या घरात लोळागोळा कपडा कुणाच्या अंगाला लागत नाही. पाण्यात सोडा, मग साबण, मग नीळ, मग..." आणि बोलता बोलताच तिचा आवाज विरला. ती डाग ओळखणारी बाई होती. समोरच्या डागाची कुळकथा आता तिच्याच दारात येऊन थांबत होती. "मी केलं हे," ती म्हणाली. "मीच." डोळे भरून आले.

"मायेनं केलंत," बाई म्हणाल्या, आणि हसू आवरायला त्यांना खोकावं लागलं. "या वयात तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. तिला साबण झोंबतो, हे तर पुठ्ठ्याचं चिलखत! आता ऐका. तिथं साबण बंद. नुसतं कोमट पाणी, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. मऊ, सैल सुती चड्डी, बिनखळीची. रात्री तीही नको. शी पुसताना पुढून मागे. हे मलम बाहेरून. लघवी तपासू, जंत नाहीत ना तेही बघू. रक्त वाढलं, घाण वास आला, ताप आला तर लगेच या. नाहीतर आठ दिवसांनी. तोवर थांबलं नाही तर पुढचं बघू."

घरी आल्यावर आत्यानं आधी भावजयीला फोन लावला. लपवलं असतं तर लपलं असतं, पण डाग दाबला की पसरतो. तिनं सगळं सांगितलं, खळीसकट. मग भावजय म्हणाली, "वन्सं, उभी राहिली? टेबलावर?" आणि हसता हसता रडली, की रडता रडता हसली, कळलं नाही.

ते आठ दिवस आत्याला आठ वर्षांसारखे गेले. हात साबणाकडे जायचा, ती तो मागे ओढायची. दुकानासमोरच्या दोरीवर, जगाच्या डोळ्यांदेखत, सुरकुतलेल्या मऊ चड्ड्या लोंबू लागल्या. शिवणवाली मावशी म्हणाली, "काय गं, लाँड्री विकलीस वाटतं?" आत्यानं ऐकलं आणि गिळलं. रोज सकाळी ती कापड उजेडाकडे धरायची. चवळी. मसूर. मोहरी. पाचव्या दिवशी काहीच नाही. ती उन्हात उभी राहून बराच वेळ त्या काहीच नसण्याकडे बघत राहिली.

आठव्या दिवशी बाईंनी पुन्हा पाहिलं. "कोरी करकरीत! लघवी स्वच्छ, जंत नाहीत. साबणाशी मात्र कट्टीच ठेवा."

बाहेरची खोली माणसांनी भरली होती. भिंगरी गरगरत मधोमध गेली आणि एका अनोळखी आजोबांना म्हणाली, "मी बरी झाले. मला आत्यानं खळ लावली होती."

सगळ्या माना वळल्या. कोपऱ्यातली एक बाई, जिचे परकर दर आठवड्याला लाँड्रीत यायचे, डोळे विस्फारून बघत होती. आत्या कानापर्यंत लाल झाली. वाटलं, पोरीचं तोंड दाबावं. मग तिनं पदर खोचला.

"लावली होती," ती खणखणीत म्हणाली. "आणि तुमच्यापैकी कुणी लेकरांच्या चड्ड्या माझ्याकडे खळीला टाकत असाल, तर उद्यापासून मी घेणार नाही. आमच्या पोरीला रक्त आलं त्यानं."

मग कोपऱ्यातली बाई हळूच म्हणाली, "बाई, माझ्या धाकटीलाही खाजतं हो तिथं."

"किती दिवस झाले?" आत्या तिच्या शेजारी टेकत म्हणाली. "सरका जरा. आणि साबण कुठला लावता, ते आधी सांगा."