न कुरकुरलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. सुताराने घाईघाईत ओलसर लाकूड वापरले, त्यामुळे वर्षभरातच मी जरासा वाकलो आणि कुरकुरू लागलो. घरातल्या आईला मात्र त्याचे कौतुक वाटे. कोणी कितीही चोरपावलांनी आले तरी मी चुगली करायचो. "आली बघ माझी धाकटी," असे ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची.

आई गेली. थोरल्याला आपला वाटा रोख हवा होता, तर धाकटीला घरच हवे होते. किमतीवरून भावाबहिणीचे जमेना, म्हणून घर लिलावात काढायचे ठरले. जो सर्वांत जास्त बोली लावेल, त्याचे घर. धाकटीनेही अनामत रक्कम भरून आपले नाव नोंदवले.

लिलावाआधी एक दिवस घर पाहायला खुले ठेवतात. त्यासाठी धाकटीने रजाच काढली. भिंतींचे पोपडे खरवडून रंग दिला, गळके नळ दुरुस्त करून घेतले, मला पॉलिश केले आणि माझ्या बिजागऱ्यांत तेल घातले.

"अगं, घर आपलं झाल्यावर करू की सावकाश," नवरा म्हणाला.

"उद्या परकी माणसं येणार. आईचं घर असं कसं दाखवू?"

मीही हुरळून गेलो. इतक्या मायेने मला कधी कोणी पुसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुष्कळ लोक आले. त्यांत घरे घेऊन पुढे विकणारे एक गृहस्थ होते. त्यांनी भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून पाहिले, मला पुन्हा पुन्हा उघडून मिटले. मी चकार शब्द काढला नाही.

"घर काय राखलंय हो!" ते म्हणाले.

"आईची शिस्त," धाकटी खुलून म्हणाली आणि पायऱ्या पुसायला वळली.

गृहस्थ सोबत्याच्या कानाशी लागले. "लिलावातलं घर आहे तसं घ्यावं लागतं, नंतर तक्रार चालत नाही. म्हणून मी दुरुस्तीचे पैसे आधीच बाजूला ठेवतो. इथे दुरुस्तीच नाही. तेवढे बोलीत वाढवू."

हे फक्त मी ऐकले.

लिलाव अंगणातच झाला. राखीव किमतीपासून बोली चढत गेली, एकेक जण मागे सरला. शेवटी ते गृहस्थ आणि धाकटी उरले. नवऱ्याने नकारार्थी मान हलवली, तरी तिने आणखी एक बोली लावली. गृहस्थांनी शांतपणे हात वर केला.

"एक वार... दोन वार..."

वाऱ्याने मी हललो. जीव तोडून कुरकुरायला गेलो, पण आवाजच निघाला नाही.

"तीन वार!"

जाताना धाकटीने माझ्या पॉलिशवरून हात फिरवला. "एवढं चकचकीत करून मीच महाग केलं रे तुला," ती म्हणाली.

भाव वाढेपर्यंत गृहस्थांनी घराला कुलूप लावले आहे. मित्रांनो, घर जरूर जपा, बिजागऱ्यांत तेलही घाला. पण लिलावाचे घर पाहायला गेलात आणि तिथे कोणी मन लावून पायऱ्या पुसताना दिसले, तर भिंतींवर टिचक्या मारण्याआधी त्या माणसाची दोन शब्दांनी विचारपूस करा.

माझे तेल केव्हाच वाळले. राखणदार अधूनमधून कुलूप काढतो, तेव्हा मी पूर्वीसारखाच कुरकुरतो. पण "आली बघ माझी धाकटी" असे म्हणणारे आत आता कोणी नाही.