हात लावायची चादर

आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की आधी तिच्यावर आवरण चढतं. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला खोळ आणि चांगल्या कपबश्या काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठी. पाहुणे मात्र येतात आणि स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन जातात. सोलापुरात जुन्या मिलच्या मागे एक शाळा आहे, तिथे हाच कारभार मुख्याध्यापिका शालनबाई मोठ्या निष्ठेने चालवत होत्या. त्यांच्या शाळेतला पृथ्वीचा गोल कुणी फिरवला नव्हता आणि कॅरमवर कधी पावडर पडली नव्हती.

बाईंना वाईट म्हणायचं कारण नाही. त्या वाढल्या त्या घरात वस्तू यायची ती एकदाच. फुटली की संपली. पाटी फुटली म्हणून लहानपणी त्यांनी मार खाल्ला होता. तेव्हापासून मोडतोडीची धास्ती अंगात मुरली ती मुरलीच. पोरांनाही त्यांनी एकच शिस्त लावली होती. काही नवं दिसलं की हात मागे बांधून उभं राहायचं.

अशा या शाळेत जानेवारीत तेजश्री आली. ती इथलीच माजी विद्यार्थिनी, चादरीचे दुकानदार निंगप्पा यांची मुलगी. पुण्यात शिकून ती तिथेच काहीतरी करत होती. काय करते ते निंगप्पांना नीट सांगता येत नसे. "कलाच हाय म्हणं, पर वायरी-बटणांची," एवढं सांगून ते गिऱ्हाइकापुढे दुसरी चादर उलगडत.

तेजश्रीने शाळेसाठी एक चादर करून आणली होती. दिसायला ती नेहमीचीच सोलापुरी. एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला हत्ती, मधे वेलबुट्टी. पण मोराच्या आणि हत्तीच्या विणीत तांब्याची बारीक तार ओवलेली होती आणि ती कोपऱ्यातल्या एका छोट्या डबीला जोडली होती. व्हरांड्यात चादर टांगून तिने मोरावर बोट ठेवलं मात्र, मैदानापलीकडच्या कडुलिंबावर तिने आधीच बांधलेले दिवे लुकलुकले आणि झाडातून मोर ओरडला! हत्तीला हात लावला तर त्याच झाडातून बंद पडलेल्या मिलचा भोंगा वाजला.

"अगं बाई! वायर कुठाय गं?" शालनबाईंनी विचारलं.

"वायर नाहीच, बाई. या डबीतून निरोप हवेतून जातो, झाडावरच्या डबीला."

डबीचं झाकण पारदर्शक होतं आणि स्क्रू हाताने फिरणारे. बाईंना ते काही बरं दिसेना. "पोरं उघडतील की ही."

"उघडायचीच आहे की. आतला प्रोग्रामसुद्धा उघडा आहे. त्यांना वाटलं तर मोराच्या जागी कोंबडा आरवेल."

"आणि तुटली तर?"

"जोडतील."

बाईंनी मान डोलावली. तेजश्रीला वाटलं, पटलं. ती निश्चिंत मनाने पुण्याला गेली.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन ठरलं. तेवढ्या दिवसांत बाईंनी चादरीपुढे दोरी बांधून घेतली आणि वर ठळक अक्षरांत पाटी लावली, 'हात लावू नये'. पोरं हात मागे बांधून चादरीपुढून जात-येत राहिली. हात लावायला म्हणूनच केलेल्या वस्तूला अशी पाटी लावण्यात काही गडबड आहे, हे बाईंच्याच काय, शाळेत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी तेजश्री आली आणि बघतच राहिली. दोरी, पाटी, खाली रांगोळी आणि हातात पाणी ठिबकणारा झेंडूचा हार घेतलेले संस्थेचे अध्यक्ष महादेवप्पा! नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, हा त्यांचा नेम. तेजश्री "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी हळदीकुंकू वाहिलं आणि हार मोरापासून हत्तीपर्यंत घातला.

मग लिंबाने जो गिल्ला केला! मोर काय ओरडतोय, भोंगा काय कोकलतोय, काही विचारू नका. मिलमधून निवृत्त झालेले दोन म्हातारे भोंगा ऐकून शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. महादेवप्पांनी घाबरून चादरीलाच हात जोडले.

"बाई, हिच्या अंगात आलं की काय हो!"

ओला हार मोराला आणि हत्तीला एकदमच चिकटला होता. बोट कोणतं आणि झेंडू कोणता, हे चादरीला काय कळणार? तेजश्रीने हार उचलून चादर पुसली तेव्हा कुठे झाड गप्प झालं. पोरं पोट धरधरून हसत होती. शालनबाई मात्र लालबुंद झाल्या.

"पुरे झाली शोभा! काढा ती चादर, कपाटात ठेवा. सणासुदीला बाहेर काढू."

"मग मी ती परत नेते, बाई," तेजश्री शांतपणे म्हणाली. "सांगोल्याच्या एका शाळेनं मागितलीय. कपाटात ठेवायला नाही केली मी."

"अगं, पण मोडली म्हंजे? मे महिन्यात मी रिटायर होतेय. सगळं जसंच्या तसं सोपवायचंय मला."

तेजश्री म्हणाली, "बाई, मी पाचवीत असताना आपल्या शाळेत कॉम्प्युटर आला होता. आठवतोय?"

"तर! दसऱ्याला पूजा करायचो की आपण."

"मी दहावी होऊन गेले, बाई. त्याच्या खोळीवर निळी फुलं होती, तेवढंच मला ठाऊक आहे. पुढं काय झालं त्याचं?"

तो कॉम्प्युटर गेल्याच वर्षी भंगारात गेला होता, नव्यासारखा.

"आणि ही चादर माझी एकटीची नाही," तेजश्री पुढे म्हणाली. "हिच्या आतला प्रोग्राम कुठल्या कुठल्या माणसांनी लिहिला, दुसऱ्यांनी त्यातल्या चुका काढल्या आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिला. मी त्यांची तोंडंसुद्धा पाहिली नाहीत. त्यांनी कुलूप लावलं असतं तर मी आज काय आणलं असतं? त्यांचं म्हणणं एवढंच, की घे, उघडून बघ, बदल आणि पुढं दे. मी पुढं द्यायला आले होते, बाई."

"पोरगी बरुबर बोलती हो," हार हातात धरून उभे असलेले महादेवप्पा हळूच म्हणाले. "ती नेती म्हणती, आन् आपली पोरं तशीच राहायची."

बाईंचा राग पुरता गेला नव्हता. तरी त्यांनी पुढे होऊन दोरी सोडली, पाटी उतरवली आणि मुलांना म्हणाल्या, "जा रे, लावा हात."

कुणी हललं नाही.

बाईंना वाटलं, ऐकू गेलं नसेल. "अरे, लावा की!" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मघाची हसणारी पोरं आता चिडीचूप, आणि झाडून सगळ्यांचे हात मागे बांधलेले. शेवटी सातवीतली सिद्धेश्वरी चाचरत म्हणाली, "बाई, कोण हात लावतंय ते बघायला म्हणताय व्हय?"

आता कुठे बाईंच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं शाळेतली एकेक वस्तू त्यांनी धड राखली आणि पोरांचे हात मात्र बांधून टाकले! केवढी ही चूक! आणि तिला आपण शिस्त म्हणत आलो! त्यांना फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

त्या स्वतः चादरीपाशी गेल्या. आजवर त्यांनीही तिला हात लावला नव्हता. त्यांनी मोरावर तळवा ठेवला, तसा झाडातून मोर ओरडला. बाई दचकल्या, मग हसल्या. "बघा, काय झालं मला? या. ये गं सिद्धेश्वरी."

सिद्धेश्वरीने एक बोट पुढे केलं. मग दुसरं पोरगं, मग तिसरं, आणि मग पोरांच्या गर्दीत चादर दिसेनाशी झाली. फाटकातले म्हातारेही आत आले आणि आपल्या हाताने भोंगा वाजवून गेले.

चादर शाळेतच राहिली. तेजश्री दर शनिवारी फोनवरून मुलांना डबीच्या आतलं शिकवू लागली. थोड्याच दिवसांत व्हायचं ते झालं, हत्ती मुका पडला. पूर्वी शाळेत काही मोडलं की ते कपाटामागे सापडायचं आणि कुणालाच काही ठाऊक नसायचं. या वेळी सिद्धेश्वरी आपण होऊन ऑफिसात आली.

"बाई, माज्या हातनं तार तुटली. सुई हाय का?"

'कुणी सांगितलं होतं ओढायला?' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, पर्समधून सुई काढली आणि चष्मा लावून तिच्याबरोबर व्हरांड्यात जाऊन बसल्या.

"तार कुठनं कुठं जाते, मलापण दाखव गं," त्या म्हणाल्या.

वाचकहो, वस्तू जपणं हा गुण आहे, नाही कोण म्हणतो? पण जपण्याच्या नावाखाली आपण ती मुलांपासून लपवतो आणि मग मुलं काही करत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावतो. मोडलेली वस्तू जोडता येते. एकदा भ्यालेला हात पुढे यायला मात्र फार वेळ लागतो. तेव्हा आपल्या घरातली आणि शाळेतली कपाटं उघडू या, आणि मुलांना हात लावू देऊ या.