एकशे एक्केचाळीस तुकडे

मी कात्री बोलतेय. कवठे महांकाळच्या एसटी स्टँडमागं दादासोंचं औषधाचं दुकान आहे, तिथली. काळ्या मुठीची, एक पातं जरासं फुटलेलं, तीच मी. आधीच सांगून ठेवते, माझं तोंड तिखट आहे. आयुष्यभर कापायचंच काम केलं, गोड बोलायला शिकवलं कुणी? पण यंदाच्या चैत्रात मला असा धक्का बसला की माझी बोलतीच बंद झाली. आज पहिल्यांदा तोंड उघडतेय.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो कराडचा बाजार. दादासो तेव्हा औषधांचं शिक्षण संपवून नुकतेच बाहेर पडले होते. विकणारा म्हणाला, "शिंप्याची कात्री हाय, मांजरपाट लोण्यागत कापती." दादासो म्हणाले, "मला कापड न्हाई गड्या, गोळ्यांची पाकिटं कापायची हाईत." मला लय राग आला होता. कुठं रेशमी पोलकी आणि कुठं गोळ्यांची पाकिटं!

पण दुकानात आले आणि माझा रुबाब वाढला. आमच्या भागात अख्खं पाकीट कोण घेतो? "डोकं दुखतंय, दोन गोळ्या द्या," की दादासोंचा हात माझ्याकडं. कट् कट्. दोन गोळ्यांचा तुकडा, कागदाच्या पुडीत. तीस वर्षं हेच. एकदा दादासोंनी खोक्याची पत्र्याची पट्टी माझ्याकडून कापून घेतली आणि माझ्या पात्याचा टवका उडाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कापाला एक बारीक दात येतो. मी रुसले होते, पण पुढं तोच दात माझ्या अंगाशी आला.

आणखी एक सांगते, कारण सगळं रामायण त्यातच आहे. पाकिटाच्या एका टोकाला औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असते. ते टोक दुकानातच ठेवायचं, ही दादासोंची पद्धत. शेवटच्या गोळीपर्यंत तारीख दिसली पाहिजे ना! म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात काय? नुसता चकाकता तुकडा, ना नाव ना गाव. तेव्हा मला ती फार शहाणपणाची रीत वाटायची.

गेल्या वर्षी दुकानात दादासोंची सून आली, पल्लवी. तीही औषधांचंच शिकलेली. तिची एक खोड मला अजिबात आवडत नव्हती. गोळी द्यायच्या आधी ती विचारायची, "कुणासाठी? किती दिवसांपासून?" गिऱ्हाईक वैतागायचं. दादासो म्हणायचे, "आगं, त्याची एसटी सुटंल. दे की दोन गोळ्या, त्यानं काय हुतंय!" मीही मनात म्हणायचे, बाई गं, तू पोलिसात का नाही गेलीस?

मग चैत्रातली ती दुपार आली. बनाबाई पदर डोळ्यांवर ओढून पायरी चढली. बनाबाई म्हणजे धनगरवाड्यावरची, पूर्वी मेंढरांमागं फिरायची, आता चार शेरडं सांभाळून द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. काउंटरला धरून ती म्हणाली, "पोरी, ती बत्ती बंद कर आदी. डोळ्यात सुया टोचत्यात."

दादासोंनी मला उचललं. त्यांना गोळी पाठ होती. पण पल्लवीनं ट्यूब बंद केली, बनाबाईला पडद्यामागं खोक्यांपाशी नेऊन बसवलं आणि पाणी दिलं.

"कुठं दुखतंय, मावशी?"

"आर्धंच. ह्या डाव्या अंगाला. ठण् ठण् घण मारल्यागत. आदी डोळ्याम्होरं काजवं नाचत्यात, मग दुकाया लागतं, मग वकारी."

"वाकलं, चाललं की वाढतं? आवाज सोसवत नाही?"

"व्हय. शेरडू जरी वरडलं तरी वाटतंय त्याचा गळा दाबावा." आणि बनाबाई रडायला लागली. "माज्या आईला बी असंच हुयाचं. आर्धशिशी म्हणायची ती. पर तिला म्हैन्यातनं एकदा. मला आता रोज दुकतंय. डोस्क्यात गाठ हाय माज्या. मला ठावं हाय."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"न्हाई. गाठ म्हणलं तर काय करू? पोरीची बारावी हाय. तिला समदं दावून ठिवलंय, कुटं काय हाय ते. शेरडांचं बी सांगून ठिवलंय."

मी ताठ झाले. ही बाई मरायच्या तयारीला लागली होती! तेही वाणसामानाची यादी सांगावी तशा आवाजात.

पल्लवीनं तिला हात वर करायला लावले, हसायला लावलं, ताप बघितला, मान पुढं वाकवायला लावली. "एकदम, वीज पडल्यासारखं कधी दुखलं? बोबडी वळली? हात लुळा पडला? तसं असतं तर आत्ता गाडीत घालून नेलं असतं तुम्हाला," ती म्हणाली. तसं काही नव्हतं. मग तिनं तिची ती आवडती चौकशी केली, "महिन्यात किती गोळ्या घेता?"

"घेती की. दुकलं की घेती."

"म्हणजे किती?"

"मोजल्या न्हाईत. पर तुकडं हाईत समदं. उकिरड्यावर टाकत न्हाई मी, शेरडं चघळत्यात. दिवाळीत एक पाट, तरणी शेळी, मेली माजी तसली चांदी खाऊन. तवापासनं पिशवीत भरून आड्याला टांगती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाईची लेक क्रांती ती पिशवी घेऊन आली. बरोबर बनाबाई आणि तिचा नवरा बिराप्पा. पल्लवीनं पिशवी काउंटरच्या काचेवर उपडी केली. अगं आई गं! काचेवर नुसता चकचकाट झाला. रिकामे तुकडे, दोन-दोन गोळ्यांचे. आणि प्रत्येकाच्या कडेला एक बारीक दात.

माझा दात! एकही तुकडा परका नव्हता. तरी मी स्वतःला समजावत होते, असेल दुसरीही एखादी फुटकी कात्री. पण पल्लवीनं ड्रॉवरमधलं अर्धं पाकीट काढलं आणि एक तुकडा त्याच्या कापाशेजारी धरला. दोन्ही दात अगदी एकसारखे होते. तुकड्यांवर ना नाव ना गाव, पण ते कुठल्या दुकानातले ते माझ्या दातानंच सांगितलं.

क्रांतीनं मोजले. दिवाळीनंतरचे एकशे एक्केचाळीस.

"आसं कसं हुईल?" दादासो ओरडले. "मी हिला आठवड्यातनं एकदा देतो, लय तर दोनदा!"

बिराप्पा खाली बघून बोलला, "बाकीच्या मी न्हेल्या. माजी कंबर दुकतीया म्हणून सांगायचो."

"आणि मी," क्रांती म्हणाली. "मी सांगायची, मैत्रिणीला पाहिजेत."

"आरं, पर का?"

"ती म्हणायची, रोज मीच गेली तर दुकानदार काय म्हणंल," बिराप्पा म्हणाला. "मला वाटलं, दोनच तर हाईत."

दोनच तर आहेत! हेच वाक्य मी तीस वर्षं ऐकत होते, आणि त्यावर नाचत होते. कंबरेच्या, मैत्रिणीच्या, सगळ्या गोळ्या एकाच डोक्यात गेल्या होत्या.

आणि खरा घाव तर पुढंच होता. पल्लवी सासऱ्यांना हळू आवाजात म्हणाली, "मामा, अर्धशिशीवाल्या माणसानं महिन्यातले दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या घेतल्या, आणि असं महिनोन् महिने चाललं, की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी. मावशींचं रोजचं दुखणं बहुतेक हेच आहे. गाठ आहे की नाही ते डॉक्टर सांगतील, पण हे तुकडे त्यांना दाखवलेच पाहिजेत."

दादासोंनी काचेवरचा एक तुकडा उचलून त्याचा दात निरखला. "म्हंजे मी दुखणं कापून दिलं व्हय गं हिला?"

माणसं म्हणतात पायाखालची जमीन सरकली. मला पाय नाहीत, पण त्या दिवशी काच सरकली. रोग बरा करणाऱ्यांतली मी, असं समजत होते! दिवाळीपासून त्या बाईचं डोकं मीच ठणकवत होते, आणि वर रुबाब मारत होते. शरमेनं माझ्या मुठीचा रंग उडाला नाही, कारण ती आधीच काळी होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. गाठ नव्हती. अर्धशिशी होती, आणि त्यावर गोळ्यांची चढलेली पुटं. रोज घ्यायची वेगळी एक गोळी त्यांनी लिहून दिली, उलटीसाठी एक दिली, आणि जुन्या गोळ्या बंद. एक वहीही करायला सांगितली, दुखलं की खूण करायची. "पहिले आठ-दहा दिवस जास्त दुखेल, तेवढे काढा," असंही सांगितलं.

जुन्या गोळ्या बंद केल्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी बनाबाई आली. पल्लवी माहेरी कराडला गेली होती. दुकानात दादासो आणि मी, दोघेच. बनाबाईनं कपाळाला फडकं करकचून आवळलेलं, चेहरा राखेसारखा.

"दादा, एकच द्या. पाया पडती. पल्लवीला कळायचं न्हाई."

दादासोंनी मला उचललं. ड्रॉवर उघडला. पाकीट माझ्या दोन पात्यांमध्ये आलं. तीस वर्षांत मी कधी कुठल्या देवाला हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली. बिरोबा, ह्या माणसाचा हात धर!

दादासोंनी पाकीट माझ्या पात्यांतून बाहेर ओढलं. मग त्यांनी मला काचेवर ठेवलं. "बनाबाई, तीस वर्षं कुणाला न्हाई म्हणलं न्हाई मी. आज तुला म्हणतो. आत चल."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. तिला पडद्यामागं आडवी केली, डॉक्टरांनी लिहिलेली उलटीची गोळी दिली, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवली. ती शिव्या देत होती, अगदी दादासोंच्या बापाचा उद्धार करून. ते "व्हय, व्हय" करत घडी बदलत होते. बाहेर गिऱ्हाइकं हाका मारून निघून गेली. दोन तासांनी ती झोपली आणि दादासो डोळे पुसत बाहेर आले.

आता मी खिळ्याला टांगलेली असते. वहीसाठी कागद कापते, खोक्यांची दोरी कापते. गोळ्यांची पाकिटं अजूनही कापते, पण विचारपूस झाल्यावर, आणि पुडीवर औषधाचं नाव लिहूनच. बनाबाई महिन्याला वही दाखवायला येते. गेल्या महिन्यात तीन खुणा होत्या. अर्धशिशी गेली नाही, ती आईकडून आलेली आहे, जायची नाही. पण आपल्यामागं काय करायचं म्हणून क्रांतीला सांगून ठेवलेलं सगळं तिनं परत घेतलं. शेरडं मीच राखणार म्हणाली.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. माझ्यासारखीला आवरायचं असेल तर दुकानात खरं बोला. डोकं कुणाचं दुखतंय ते खरं सांगा, आणि किती वेळा तेही. मला मोजता येत नाही हो, मला नुसतं कापता येतं.

परवाचीच गोष्ट. बनाबाई वही घेऊन उभी होती. एक तरणाबांड माणूस गाडी चालू ठेवूनच आत आला, शिरवळच्या कंपनीत कामाला असलेला, सुट्टीला गावी आलेला. "दादा, डोक्याच्या दोन गोळ्या द्या, पटदिशी."

दादासोंचा हात सवयीनं खिळ्याकडं आला आणि थांबला. ते तोंड उघडणार, तोच बनाबाई वळली.

"भाऊ, ह्या म्हैन्यात कितव्यांदा?"

"दोनच तर पाहिजेत, मावशी."

"ते मला ठावं हाय. कितव्यांदा, ते सांग."

तो हसला. मग बोटांवर मोजायला लागला. एका हाताची बोटं संपली. त्याचं हसू गेलं. बाहेर जाऊन त्यानं गाडी बंद केली, आणि परत येऊन दुसरा हात वर केला.