आरशात दिसले नाही तर थांब

तळ्याकाठच्या त्या सरकारी उद्यानात शुक्रवारी दुपारनंतर करमणूक एकच. नवे कॅम्पर येऊ लागतात आणि आधी आलेली मंडळी आपापल्या घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात. तळं बिचारं पाठीमागे राहतं. पिकअपला जोडलेलं ते चाकांवरचं लांबलचक घर झाडांमधल्या अरुंद जागेत रिव्हर्समध्ये घालायचं म्हणजे भल्याभल्यांची फजिती होते, आणि दुसऱ्याची फजिती बघत थंड बिअर पिण्यात जी मजा आहे ती तळ्यात नाही. मोठ्याने कुणी हसत नाही. अनोळखी माणसाच्या तोंडावर हसायची मिनेसोटात पद्धत नाही. "बरं चाललंय की!" एवढंच म्हणतात, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आर्डिस टोलेफसन लग्न झाल्यापासून या तमाशात काम करत आली होती. काम काय, तर कॅम्परच्या मागे उभं राहायचं, हात हलवायचे आणि नवऱ्याची बोलणी खायची. व्हर्लिन स्टिअरिंगवर, ती मागे धुळीत. "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" असं तो खिडकीतून खेकसणार आणि ते सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाणार. एरवी हा माणूस आवाज चढवत नसे. चर्चमध्ये तर कॉफीचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचा. पण गाडी रिव्हर्सला पडली की त्याच्या अंगात कोण संचारायचं, देव जाणे.

एक नियम मात्र पहिल्या वर्षापासून पक्का होता, आणि तो व्हर्लिननेच घातलेला होता. "आर्डी, तू मला आरशात दिसली नाहीस की मी जागच्या जागी थांबणार. मग तू काही म्हण, मी हलणार नाही." त्या एका वाक्यावर विश्वास टाकून ती इतकी वर्षं एवढ्या धुडाच्या मागे उभी राहत आली.

गेल्या जुलैत याच उद्यानात, याच सतरा नंबरच्या जागेत, व्हर्लिनने नळाचा खांब आडवा केला. आर्डिस घसा फोडून "थांब, थांब" ओरडत होती. थांबण्याची खूण म्हणून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले होते. तरी कॅम्पर मागे येतच राहिला. खांब कडकन मोडला आणि पाण्याचं कारंजं थेट शेजारच्या लोवेल ब्रेक्कीच्या शेगडीवर उडालं. शेगडीवरचे मासे पुन्हा पोहायला लागायचे तेवढेच बाकी राहिले. रेंजरबाई धावत आल्या तेव्हा व्हर्लिन खाली उतरला, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "काय सांगू, आमच्या बाईसाहेब तळ्यावरचा लून पक्षी बघत बसल्या होत्या!"

सगळे हसले. आर्डिससुद्धा हसली. पाणी उडत होतं, माणसं जमली होती, आणि चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायला तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं. तिला वाटलं, आजच्यापुरती थट्टा आहे, उद्या विसरतील. कसलं विसरतात! व्हर्लिनने ती गोष्ट चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर सांगितली, धाकट्या मुलाच्या लग्नात माईकवर सांगितली, आणि दर वेळी त्या लूनला नवं पीस फुटत गेलं. लग्नात तर म्हणे आर्डिसच्या गळ्यात दुर्बीण होती. नातवाने तिला वाढदिवसाला लाकडी लून दिला. चांगल्या शहाण्यासुरत्या बाईचं वर्षभर हसं झालं. "मी पक्षी बघत नव्हते, व्हर्ल," असं तिने घरी त्याला दोनदा सांगितलं. "अगं, गंमत गं," म्हणून तो पेपरात तोंड घालून बसला.

यंदा निघतानाच तिने ठरवलं होतं, शेकोटीपाशी लूनचं नाव निघालं तर गप्प बसायचं नाही. खांब कुणी मोडला ते सगळ्यांदेखत बोलायचं. वाटेभर ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि मधूनमधून दचकत होती, कारण गाडी सारखी उजव्या कडेला जात होती.

"कडेला जातोयस, व्हर्ल."

"मान धरलीय."

ही मान गेल्या वर्षीपासून धरलेली. डॉक्टरकडे चल म्हटलं की विषय बदलायचा. जेवणाचंही तेच. ओव्हनमधून काढलेली खिमा-बटाट्याची हॉटडिश ताटात अर्धी तशीच टाकून उठायचा. आपल्या हातचं आता त्याला आवडेनासं झालं, असं समजून तीही मुकाट्याने ताट उचलायची. आज पेट्रोल पंपावर त्याच्या उजव्या हाताशी ठेवलेला थर्मास त्याने कोपराने उडवला आणि वर तिलाच विचारलं, "हा इथं कुणी ठेवला?"

सतरा नंबरपाशी पोचले तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या.

"आले रे आले!" लोवेल उठून ओरडला. "व्हर्ल, यंदा मासे झाकून ठेवलेत बाबा!"

"आणि आर्डिस," त्याची बायको नॉरीन म्हणाली, "आज सगळ्या लूनना आम्ही सुट्टी दिलीय. तू निवांत काम कर!"

खुर्च्यांमधून हसण्याची लाट गेली. हे लोक आता अनोळखी राहिले नव्हते ना! ब्रेक्कींचं तर वर्षभरात घरी येणंजाणं झालं होतं. आर्डिस उतरली आणि मागे जाऊन उजव्या कोपऱ्याशी, आरशात दिसेल अशी उभी राहिली. तिच्या मागे पाइनचं जुनं झाड होतं. बाजूला जेवायचं जाड फळ्यांचं टेबल होतं.

"ये," तिने हात हलवला. "ये, ये. आता डावीकडे घे."

कॅम्पर उजवीकडेच वळला. तिने हात वर करून फुली केली. "थांब!" पिकअपचं जुनं डिझेल इंजिन घरघरत होतं, पण हात तर दिसायला हवे होते. कॅम्परची मागची पट्टी टेबलाला लागली. टेबल जमिनीवरून खरवडत तिच्याकडे आलं आणि त्याची कड तिच्या कमरेत बसली. मागे झाडाचं खोड. "व्हर्लिन!" ती किंचाळली आणि कशीबशी अंग मुरडून बाजूला पडली. टेबलाचा पाय मोडल्याचा आवाज आला. पाठोपाठ नॉरीनने अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या काठावर ऐकू गेली असेल. तेव्हा कुठे ब्रेक लागला.

आर्डिस उठली. कोपर सोललं होतं, केसांत काटक्या होत्या. जिथे ती मघाशी उभी होती तिथे आता टेबल खोडाला चिकटलं होतं. ती कॅम्परला धरून धरून पुढे, पिकअपच्या दाराकडे गेली.

व्हर्लिन खाली उतरून मोडलेलं टेबल बघत होता. मग खुर्च्यांकडे वळून त्याने टोपी मागे सारली.

"परत लून दिसला वाटतं!"

दोघेतिघे हसले, सवयीने. नॉरीन हसली नाही.

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःला गाडी घालता येत नाही आणि खापर बायकोच्या डोक्यावर! ती त्याच्या उजव्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती, हात लांबवला तर त्याच्या कानाला लागेल इतकी जवळ. आणि व्हर्लिन डावीकडे, पुढे, टेबलाकडे बघत होता.

"आर्डी? कुठं गेली ही?"

तिने हात उचलला आणि त्याच्या उजव्या गालाजवळ हलवला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. तिने आणखी जवळ हलवला. काही नाही. मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. थर्मास. धरलेली मान. अर्धं टाकलेलं ताट. दर वेळी उजवीकडचंच अर्धं.

"इथंच आहे मी," ती म्हणाली. "मघापासून."

तो केवढा तरी दचकला आणि सगळं अंग फिरवून तिच्याकडे वळला. तिने त्याची बाही धरली आणि त्याला ओढत कॅम्परच्या आडोशाला नेलं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"काय दिसत नाही?"

"आता खोटं बोललास ना, तर तळ्यात ढकलून देईन. कधीपासून?"

व्हर्लिन बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. "चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. तर ते म्हणाले, मेंदूत छोटा झटका येऊन गेलाय. मला कळलासुद्धा नव्हता, आर्डी. दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं दिसणं गेलंय. गाडी चालवू नका म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"गेल्या वर्षी."

"गेल्या वर्षी कधी?"

"एप्रिलमध्ये."

एप्रिल. आणि खांब मोडला जुलैत. मुलाचं लग्न सप्टेंबरात.

"म्हणजे तुला माहीत होतं," आर्डिस म्हणाली. "नळ मोडला तेव्हा माहीत होतं. माईक हातात घेतलास तेव्हाही माहीत होतं. मी समोर बसले होते, निळा ड्रेस घालून. दीडशे माणसं माझ्याकडे बघून हसत होती, आणि तुला माहीत होतं."

"तू कॅम्पर विकायला लावला असतास. लायसन्स गेलं असतं. मग मी काय करायचं? आरामखुर्चीत बसून भिंत बघायची?"

"अर्धीच दिसली असती."

हा एवढा थोराड माणूस, कॅम्परला पाठ टेकून उभा राहिला. तिला कीव आली नाही असं नाही. पण त्याच क्षणी तिला आठवलं, जानेवारीत नातवंडांना मागच्या सीटवर बसवून हा गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला घेऊन गेला होता. वाटेवर समोरून लाकडाचे ट्रक येतात, उजवीकडे खोल खड्डा. कीव तिथेच विरली.

"किल्ली दे."

"तुला जमायचं नाही. उजवीकडे वळवून घालायची जागा आहे. खांब उडवशील."

"उडाला तर लोकांना नवी गोष्ट मिळेल. ती खरी तरी असेल."

त्याने किल्ली दिली.

ती स्टिअरिंगवर चढून बसली, सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावले. एव्हाना रस्ता पूर्ण अडला होता. मागे बसएवढा एक कॅम्पर येऊन उभा होता आणि त्याच्या मागे आणखी दोघे. कुणीतरी हळूच, माफी मागितल्यासारखा हॉर्न वाजवला. आर्डिसने इंजिन चालू केलं आणि काच खाली घेतली.

"आधी सांग."

"काय सांगू?"

"गेल्या वर्षी मी काय बघत होते ते. लोवेलला सांग. सगळ्यांना सांग."

"आत्ता? मागे गाड्या थांबल्यात, आर्डी!"

"थांबू देत. तू सांगितल्याशिवाय ही गाडी इंचभर हलायची नाही. वर्षभर लाज गेली ती माझी. आज जरा तुझी जाऊ दे."

व्हर्लिनने इकडे तिकडे पाहिलं. चारचौघांत कपडे उतरवायला सांगितलं असतं तर ते त्याला सोपं गेलं असतं. पुन्हा हॉर्न वाजला. तेव्हा तो अंग वळवत, लोवेलची खुर्ची शोधत पुढे गेला.

"लोवेल, तो लून नव्हता."

"काय नव्हता?"

"गेल्या वर्षी. लून वगैरे काही नव्हतं. ती थांब म्हणून ओरडत होती. मला दिसलं नाही. मला या बाजूचं दिसतच नाही." त्याने उजवा हात उचलला आणि खाली सोडला. "आणि ते मला ठाऊक होतं. तरी मी तिच्यावर ढकललं."

लोवेल बिअरचा कॅन हातात धरून तसाच राहिला. "बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही.

नॉरीनला सुचलं. "मी तिला लूनचं चित्र काढून एप्रन शिवून दिलं रे, मेल्या!" ती उठून उभी राहिली. "नाताळला! आणि तू शेजारी बसून केक खात होतास!"

व्हर्लिन मान खाली घालून उभा राहिला. मग कुणी न सांगता तो कॅम्परच्या मागे गेला आणि आर्डिस इतकी वर्षं जिथे उभी राहायची तिथे, उजव्या कोपऱ्याशी उभा राहिला.

आर्डिसने कॅम्पर आधी पुढे रस्त्यावर काढला आणि मग रिव्हर्स टाकला. लग्नाआधी वडिलांच्या शेतावर गवताच्या गाड्या तिने ट्रॅक्टर लावून रिव्हर्समध्ये कोठारात घातल्या होत्या. त्याची आठवण पुढे कुणी काढली नव्हती, तिनेसुद्धा नाही. पहिल्यांदा कॅम्पर तिरका गेला. दुसऱ्यांदा त्याहून तिरका. खुर्च्यांमधून "बरं चाललंय की" कुणी म्हटलं नाही. पुढे घेतला, पुन्हा मागे. चौथ्या खेपेला तो सरळ, झाडांच्या मधोमध आत शिरू लागला. उजव्या आरशात व्हर्लिन हात हलवताना दिसत होता. "ये, ये." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, नळाचा खांब बघायला तो वाकून मागे सरकला आणि आरशातून नाहीसा झाला.

आर्डिसने करकचून ब्रेक दाबला. आत कपाटातून काहीतरी खळ्ळकन पडलं, बहुधा हॉटडिशचं काचेचं भांडं. पडू दे.

"आता का थांबलीस?" व्हर्लिन जुन्या सवयीने ओरडत बाहेर आला. "अजून केवढी जागा आहे मागे!"

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू दिसत नव्हतास."

त्याने बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर त्या मोडक्या टेबलावर गेली, टेबलामागच्या खोडावर गेली. खोडाची साल कमरेएवढ्या उंचीवर खरवडून निघाली होती. नंतर मान पूर्ण वळवून त्याने तिचा आरसा शोधला आणि त्यात आपण दिसू अशा बेताने दोन पावलं बाजूला येऊन उभा राहिला. हात वर करायचा त्याला धीर झाला नाही.

आर्डिसला तो आता डोक्यावरच्या टोपीपासून बुटांपर्यंत दिसत होता. तरी ब्रेकवरचा पाय तिने लगेच उचलला नाही.